मागच्या सीटवरची मधली जागा

अँब्रोज टॅन्सीच्या घरात दाराआड चार पांढरे कोट टांगलेले असत. माणूस एक आणि कोट चार, त्यामुळे नवख्याला वाटे, हा कुठल्या तरी इस्पितळातून पळालेला कंपाउंडर असावा. कोट फुटबॉलच्या अंपायरांचे होते. आमच्या गेलिक फुटबॉलमध्ये गोलच्या उंच खांबांशी दोन-दोन अंपायर उभे असतात, गुडघ्यापर्यंत पांढरा कोट घालून. बॉल आडव्या दांडीवरून गेला की पांढरं निशाण वर, एक गुण. दांडीखालून जाळ्यात गेला की हिरवं निशाण, तीन गुण. बाहेर गेला तर नुसते हात पसरून हलवायचे. एवढंच काम. पण 'एवढंच' म्हणणाऱ्यानं जानेवारीत समुद्राकडून येणारा पाऊस तोंडावर घेत सत्तर मिनिटं त्या खांबाशी उभं राहून दाखवावं, मग आपण बोलू.

कोट धुवायचं काम आधी त्याच्या बहिणीचं, उनाचं होतं. नऊ वर्षांपूर्वी ती गेली आणि कोट याच्या गळ्यात आले. पहिल्या वर्षी त्यानं नीळ इतकी घातली की चौघे अंपायर आभाळाच्या रंगाचे होऊन मैदानात उतरले. ज्या संघाची जर्सी निळी होती त्यांच्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढं मात्र त्याचा हात बसला. कॉलर कशी दाबायची, बटणाभोवती इस्त्रीचं टोक कसं फिरवायचं, सगळं त्याचं तो शिकला.

आता हे चार कोट एकाच घरात का, तर आमच्याकडची पद्धत अशी की खेळाचं मंडळ फक्त रेफरी नेमतं. अंपायर त्यानं आपले आपण आणायचे. कुणी भाऊ आणतो, कुणी शेजारी, कुणी मेव्हणा. मग हे पाच जण एकाच गाडीत कोंबून जिल्ह्याबाहेरच्या मैदानावर जातात, येताना एका टेबलाशी जेवतात, आणि गाडीचे किलोमीटरमागे पैसे नि पाच जेवणांचं बिल मंडळ भरतं. आमच्या नॉकारो गावचा रेफरी एंडा किलकॉइन. त्याचे अंपायर चार: थोरला भाऊ नोएल, मेव्हणा डिनी, न बोलणारा गस, आणि अँब्रोज. नोएलचे पाय लांब म्हणून तो पुढं बसे. मागं खिडकीशी डिनी, दुसऱ्या खिडकीशी गस आणि मध्ये अँब्रोज. तो सगळ्यांत हडकुळा होता, आणि सगळ्यांत शेवटी आलेलाही. शेवटी म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी.

अँब्रोजला गाडी चालवता येत नव्हती. अडतीस वर्षं तो रस्त्यांच्या गँगमध्ये होता. कडेच्या झुडपांची छाटणी कर, खड्डे बुजव, हिमात मीठ टाक. दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी त्यानं जन्मभर रस्ते राखले आणि स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. निवृत्त झाला, तेव्हा उना होती. ती गेल्यावर घरात रेडिओ राहिला. बस फक्त शुक्रवारी. रविवारी चर्च, तिथंही पाऊस असला की माणसं दारातूनच गाडीकडं पळत. हिवाळ्यात कधी कधी तीन-तीन दिवस त्याचा आवाजच वापरला जात नसे. मग शुक्रवारी दुकानात 'एक ब्रेड' म्हणताना घसा असा खरवडायचा की दुकानदारीण विचारायची, सर्दी झाली का. तो म्हणायचा, झाली. काय सांगणार?

अशा माणसाच्या वर्षात चार रविवार होते. सगळे जानेवारीतले.

जानेवारीचा कप म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. खरा हंगाम सुरू होण्याआधीचे सामने, संघात नवी पोरं, मैदानात चिखल, बघायला हजार-दीड हजार टाळकी. मोठ्या सामन्यांचे रेफरी डब्लिनहून ठरतात आणि त्यांची पळण्याची परीक्षा असते. जानेवारीच्या कपाला असलं काही नव्हतं, म्हणून तो एंडाच्या वाट्याला यायचा. गावपातळीवरचे सामने त्यानं गुडघ्यामुळं केव्हाच सोडले होते.

सहा जानेवारीला आमच्याकडं बायकांचा नाताळ असतो, त्या दिवशी चूल पुरुषांनी सांभाळायची. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला अँब्रोज तिठ्यावर येऊन उभा राही, हातात कोटांची पिशवी. एकवीस वर्षांत कुणी कुणाला फोन केला नाही. फोन आला असता तरच तो घाबरला असता. निळी गाडी यायची, डिनी उतरून त्याला मध्ये सरकू द्यायचा आणि बसल्याबसल्या म्हणायचा, "आली बघा आपली उशी." वर्षानुवर्षं तोच विनोद. अँब्रोज हसायचा, आणि खरं सांगायचं तर डिसेंबर लागला की त्या वाक्याची वाट बघायचा.

परतीच्या वाटेवर बाजारगावात कॉन्सेप्टाचं हॉटेल. रेडिएटरजवळचं गोल टेबल यांच्यासाठी राखलेलं. रोस्ट बीफ, दोन तऱ्हेचे बटाटे, कोबी, ग्रेव्ही, वर सफरचंदाचा टार्ट. नाकाचा शेंडा अजून बधिर आणि पाठीला ऊब. एंडाच्या शिट्टीवर चौघे तोंडसुख घ्यायचे, डिनी बडबडायचा, गस दोन वाक्यं बोलायचा, आणि त्यातलं एक अँब्रोजला उद्देशून असायचं. कॉन्सेप्टा त्याच्या ताटात न मागता तिसरा बटाटा टाकायची. ते दोघे शाळेत एका बाकावर होते.

ऑक्टोबरात रेडिओवर बातमी आली. यंदापासून जानेवारीचा कप बंद.

अँब्रोज तेव्हा बटाटे सोलत होता. त्यानं सुरी खाली ठेवून सगळं ऐकलं. मंडळाचे कुणी साहेब बोलले, खेळाडूंना विश्रांती हवी, आणि संघांना हिवाळ्यात मैदानात उतरवायचा खर्च तिकिटाच्या गल्ल्याहून जास्त होतो. दुसऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं की त्या गल्ल्यातूनच जखमी खेळाडूंच्या फंडाला हातभार लागायचा, त्याचं काय? मग एक हिशेबनीस बाई आल्या. त्यांनी इतके वाचतील आणि तितके बुडतील असं पटापट सांगितलं. मंडळाची बाजू फायद्याची निघाली. बाईंचं गणित बरोबरच असणार. मला एवढंच म्हणायचंय की त्या गणितात निळ्या गाडीची मागची सीट कुठं धरलेली नव्हती. ती धरायची कशी हे कुणालाच सांगता आलं नसतं म्हणा.

त्यानंतर अँब्रोज वाट बघत राहिला. कुणीतरी काहीतरी बोलेल, आपल्या गाडीचं काय ते सांगेल. चर्चच्या दारात डिनी भेटला. म्हणाला, कपाचं वाईट झालं बुवा. आणि लगेच मेंढ्यांवर घसरला. एंडा दोनदा लांबून दिसला, हात वर करून गेला. नोएलचं कंबरेचं ऑपरेशन व्हायचं होतं. गस तर गसच. नोव्हेंबर गेला, नाताळ आला. यंदा नीळ आणायची की नाही, या विचारानं तो दुकानात पाच मिनिटं एका फळीपुढं उभा राहिला आणि शेवटी घेऊन आला.

त्याच फळीपुढं उभं राहण्याचं दुसरंही कारण होतं. त्याला डबीवरचं नाव नीट दिसलं नव्हतं.

हे त्याचं गुपित. तीन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आभाळ राखाडी, बॉल पांढरा, वर धुकं. बॉल बुटाला लागल्याचा आवाज यायचा आणि पुढं काय झालं ते देवाला ठाऊक. पण अँब्रोजनं एक युक्ती काढली होती. एकाच गोलपाशी डिनी आणि तो उभे असत. बॉल आला की तो आधी डिनीच्या हाताकडं बघायचा. डिनीचा हात पांढऱ्या निशाणाकडं निघाला की हाही मान डोलवायचा, डिनीनं हात पसरले की हाही पसरायचा. अर्धा क्षण उशीर, पण कोण बघतं? शहरातल्या इस्पितळाचं पत्रही आलं होतं, मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरची तारीख देऊन. त्यानं ते घड्याळामागं सारलं. शहर दीड तासावर, न्यायला एंडाशिवाय कोण? आणि एंडाला सांगायचं म्हणजे, बाबा रे, तुझा अंपायर आंधळा झालाय, हे सांगायचं. मग गाडीतली जागा गेलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मूठ झाकलेली होती.

नाताळ उलटल्यावर त्याच्या मनानं घेतलं की कप गेला तर गेला, जेवण का जावं? मंडळ पैसे देत नाही तर आपण देऊ. एवढं पेन्शन येतं ते कुणासाठी ठेवायचं? त्यानं कॉन्सेप्टाला फोन लावला आणि रविवारी पाच जणांचं टेबल मागितलं.

"टेबल कुठलं, अँब्रोज," ती म्हणाली. "दाराला कुलूप आहे. मार्चात सेंट पॅट्रिकच्या सणापर्यंत बंद ठेवलंय."

मग तिनं सांगितलं. सामन्याच्या एका रविवारी तिच्याकडं दीडशेवर पानं उठायची. त्यावर जानेवारी-फेब्रुवारीचं हीटिंगचं तेल आणि दोन पोरींचे पगार निघत. बाकी त्या दोन महिन्यांत हॉटेलात चिटपाखरू फिरकत नाही. कप नाही म्हटल्यावर तिनं पोरींना घरी पाठवलं आणि खालचा मजला बंद करून स्वतः वर एका खोलीत राहिली. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. तक्रारीचा सूर नव्हता तिचा. उलट तीच त्याला म्हणाली, "घरी बोलाव की त्यांना. चूल आहे ना तुझी?"

अँब्रोजची चूल म्हणजे अंडी आणि सॉसेज. कॉन्सेप्टानं फोनवर बीफ शिकवलं, पाऊण तास. किती वजनाचं घ्यायचं, कसायाला काय सांगायचं, मध्ये झाकण किती वेळा उघडायचं. त्यानं सगळं एका पाकिटाच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहिलं. शेवटी दोघांनाही फोन ठेववेना. ती म्हणाली, ग्रेव्हीचं पुन्हा एकदा सांगू का? तो म्हणाला, सांग.

मग चौघांना फोन केले. एंडाकडं त्याच्या बायकोनं, गोरेटीनं उचलला, म्हणाली, रविवारी ये म्हणालास ना, सांगते हो त्याला. डिनी म्हणाला, बघतो, मेंढ्या व्यायला आल्यात. नोएलची बायको म्हणाली, त्याला उभं राहवेल तसं. गस म्हणाला, हं. आता आमच्या गावात तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. 'बघतो' म्हणजे काय, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. अँब्रोजलाही कळत होतं. पण माणूस एकटा असला की त्याचं कळणं जरा पातळ होतं. त्यानं पाच जणांचं मांस आणलं.

रविवारी पहाटेच उठला. उनाचा पांढरा टेबलक्लॉथ काढला, त्यालाही नीळ घातली होती. पाच ताटं मांडली. खुर्च्या चारच, म्हणून शेडमधलं स्टूल आणून पुसलं आणि ते आपल्यासाठी ठेवलं. मांस चुलीत सारलं. आणि पावणेदहाला, काय करतोय हे कळत असूनही, अंगात कोट चढवून तिठ्यावर जाऊन उभा राहिला. पांढरा कोट नव्हे, आपला नेहमीचा. तेवढी अक्कल शाबूत होती. दंव पडलं होतं. तीन गाड्या गेल्या. प्रत्येकानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, यानंही उचललं. पावणेअकराला तो घरी परतला आणि मांस बघितलं.

जेवण दोनचं. अडीच वाजले. पावणेतीनला डिनीचा फोन आला, एक मेंढी अडलीय, हात कोपरापर्यंत आत आहे, खांद्यावर फोन धरून बोलतोय. मागं मेंढीचा आवाज येत होता, म्हणजे खोटं नव्हतं. नोएलकडून निरोप आला की जिना उतरवत नाही. गसचं काही नाही. एंडाचंही नाही.

अँब्रोज स्टुलावर बसून राहिला. बटाटे फुटून पाण्यात विरघळायला लागले, कोबीचा वास घरभर झाला. त्याला भूक नव्हती. त्याला राग यावा असं वाटत होतं, तोही येईना. नुसतं घर मोठं मोठं होत गेलं. उना गेली त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर जसं झालं होतं, तसं. तेव्हा निदान कारण तरी होतं, सांगता येण्यासारखं.

सव्वाचारला, उजेड जाता जाता, दारात गाडी थांबली. निळी. इंजिन चालूच ठेवून एंडा आत आला, दारातच उभा राहिला. चौपन्न वर्षांचा, रुंद, मान नसलेला माणूस. म्हणाला, कोट न्यायला आलोय. पोराटोरांच्या सामन्यांना हवेत म्हणे. गोरेटी म्हणाली तू रविवारी बोलावलंयस, म्हटलं दुसरं काय असणार, कोटाचंच असेल.

मग त्याला टेबल दिसलं. निळसर पांढरं कापड, पाच ताटं, पाच काटे, पाच पेले, दुधाचा जग. एंडा त्या ताटांकडं बघत राहिला. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला आणि आलं तेव्हा मानेपासून वर तो लाल होत गेला. तसाच बाहेर गेला. अँब्रोजला वाटलं, गेला. पण इंजिन बंद झालं आणि एंडा परत आला, कोट काढून खुर्चीला लावला आणि बसला.

"वाढ," तो म्हणाला.

मांस वाळून कातडं झालं होतं. एंडानं दोन मोठे काप घेतले. बटाटे घेतले, कोबी घेतला, ग्रेव्ही ओतली. त्याच्या शर्टाच्या पुढच्या भागावर आधीच ग्रेव्हीचा एक सुकलेला डाग होता आणि पट्ट्याचं बकल नेहमीच्या भोकात नव्हतं. एवढ्या जवळून अँब्रोजला अजून दिसत होतं. हा घरी पोटभर जेवून आलेला होता. अँब्रोजनं डाग बघितला आणि बघितला नाही असं केलं. एंडानं तिसरा बटाटा मागून घेतला.

ग्रेव्हीचं भांडं रिकामं झालं. मग अँब्रोजच्याच तोंडून निघालं. आता लपवून ठेवण्यासारखं राहिलं काय होतं?

"एंडा, एक सांगायचंय. मला बॉल दिसत नव्हता. तीन वर्षं."

एंडा चावत राहिला. "माहीत आहे."

"तुला?"

"मला, डिनीला, गसला. नोएलला सगळ्यांच्या आधी. धुक्याच्या सामन्यात तू गोलच्या खांबाला म्हणालास, जरा सरकता का? नोएलनं ते मध्यंतरात पलीकडच्या गोलवरून येताना ऐकलं. म्हणून तर डिनी कायम तुझ्याच गोलवर. आणि तो हात किती सावकाश उचलायचा, बघितलं नाहीस? एकदा एका पाठीराख्यानं ओरडून विचारलं, याला लकवा झालाय का?"

अँब्रोजचे कान तापले. तीन वर्षं त्याला वाटत होतं आपण चौघांना फसवतोय. इकडं चौघे मिळून त्याला सांभाळत होते, मैदानात, हजार लोकांसमोर. शरमेनं त्याला मान वर करवेना. "मग माझ्या जागी दुसरा घ्यायचा होतास," तो म्हणाला. "एवढी वर्षं पांगळ्याला कशाला वाहून न्यायचं?"

"मी तरी काय पळत होतो?" एंडा म्हणाला. "गुडघ्याची वाटी गेलीय. पहिली दहा मिनिटं पळायचो, मग मधोमध उभा राहून अंदाजानं शिट्टी. सहा वर्षांपूर्वीच सोडणार होतो. गोरेटी रोज डोकं खाते, का नाही सोडत म्हणून. म्हटलं, सोडलं तर गाडी कोण काढणार? डिनीला घरात कुणी बोलू देत नाही. गसच्या घरी त्याच्याशी कुणी बोलत नाही. आणि तू इथं."

"मग आज कुणी आलं का नाही?"

हे विचारायचं नव्हतं त्याला. निघून गेलं. एंडानं काटा खाली ठेवला आणि ताटाच्या कडेला सरळ करून लावला.

"कारण नसताना कुणाच्या घरी कसं जायचं, ते आम्हाला येतच नाही, अँब्रोज. मला आठ दिवसांत दहादा वाटलं तुझ्याकडं यावं. येऊन म्हणायचं काय? सामना असला की नुसतं तिठ्यावर थांबायचं असतं."

अँब्रोजनं त्याचा पेला दुधानं भरला. ते खरं होतं. तोही एकवीस वर्षांत कधी एंडाच्या दारात गेला नव्हता.

निघताना एंडानं डोळ्यांचं विचारलं, आणि अँब्रोजनं घड्याळामागचं पत्र काढून दिलं. तारीख बघून एंडा वैतागला. गाढवा, चौदा महिने झाले, म्हणाला, आणि पत्र खिशात घातलं. दाराआडून तीन कोट घेतले, चौथा हातात धरून जरा थांबला आणि परत खुंटीला लावला. काप गेले नि भोकं राहिली म्हणतात, तसा तो एकटा कोट पुढं दोन महिने खुंटीवर लोंबत होता. त्या संध्याकाळी अँब्रोजनं दोन ताटं धुतली. तीन तशीच स्वच्छ होती, पण तीही धुतली.

सोमवारी एंडाचा फोन आला. इस्पितळाच्या फोनवर अर्धा तास ताटकळून त्यानं नवी तारीख मिळवली होती, मार्चचा दुसरा गुरुवार. सकाळी साडेनऊला तिठ्यावर थांब, एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. कुणी आलं नाही. रेडिओवर एकदा त्या हिशेबनीस बाई पुन्हा बोलून गेल्या, की अंदाज बरोबर निघाला, मंडळाचे पैसे वाचले. अँब्रोजनं कॉन्सेप्टाला ग्रेव्हीबद्दल आणखी दोनदा फोन केला. मांस मात्र पुन्हा आणलं नाही.

त्या गुरुवारी तो नऊ वाजताच तिठ्यावर होता. दाढी केलेली, बूट पॉलिश केलेले, हातात पिशवी. पिशवीत पायजमा नि टॉवेल, पण त्यानं ती कोटांच्या पिशवीसारखीच छातीशी धरली होती. साडेनऊला निळी गाडी आली. आत एकटा एंडा. त्यानं वाकून पुढचं दार आतून उघडलं.

अँब्रोजनं ते हलकेच लोटून बंद केलं, मागचं दार उघडलं आणि सरकत सरकत मध्ये जाऊन बसला.

"अरे, पुढं बस की," एंडा म्हणाला. "सगळी गाडी मोकळी आहे."

"इथंच बरंय."

एंडानं आरशातून त्याच्याकडं बघितलं. गिअर टाकला. मग घसा खाकरून, डिनीचा आवाज काढायला न जमलेल्या आवाजात म्हणाला, "आली बघा आपली उशी." आणि गाडी सोडली. शहर दीड तासावर होतं. अँब्रोजनं पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही बाजूंना माणसं असल्यासारखे गुडघे जवळ ओढले, आणि तसाच बसून राहिला.